हास्यसखी

"ललिता वाणी, तू सांग. वनस्पती अन्न कसं तयार करतात?"

पाठक बाई फळ्याकडे तोंड करून पिंपळाचं पान काढत होत्या. मी उभी राहिले, वेणी मागे टाकली आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "बृहस्पती कशाला अन्न तयार करतील, बाई? त्यांची बायको करत असेल."

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग नववी 'ब'च्या अठ्ठेचाळीस मुली बाकांवर थापा मारून हसल्या. बाईंनी पानाचा देठ अर्धाच सोडला आणि तोंडाला पदर लावला. "बस खाली," त्या म्हणाल्या. "तू एक दिवस माझी नोकरी घालवशील."

चाळीसगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत तेव्हा माझं चांगलंच नाव झालं होतं. भूगोलाच्या तासाला "कर्कवृत्त कुठून जातं?" असं विचारल्यावर मी "कुत्रं आमच्या मागच्या दारानं जातं" असं सांगितलं होतं. व्याकरणाच्या बाई "हा समास सोडव" म्हणाल्या, तेव्हा "समोसा समोर आला की मला सोडवत नाही" म्हणाले होते. ते तर मुख्याध्यापिकांनी स्वतः शिक्षकांच्या खोलीत जाऊन सांगितलं, असं शिपाईमावशींकडून कळलं. "आज गैरहजर कोण?" "गाजर मी आणलंय, डब्यात आहे." 'अ' तुकडीच्या मुली मधल्या सुट्टीत येऊन "लल्ली आज काय बोलली?" असं विचारून जायच्या आणि मग ते त्यांच्या वर्गात सांगायच्या.

गोष्ट सत्त्याण्णव सालच्या आसपासची. मी चौदा वर्षांची होते. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पिठाची गिरणी होती आणि आमचं घर गिरणीच्याच मागच्या दोन खोल्यांत होतं. सकाळी सातला पट्टा फिरायला लागायचा तो संध्याकाळी आठला थांबायचा. घरातले सगळे एकमेकांशी ओरडूनच बोलायचे. नवीन पाहुण्यांना वाटायचं, आमच्याकडे भांडण चाललंय.

नोव्हेंबरात बापट मॅडम आल्या. पुण्याहून आल्या होत्या, पीएच.डी. करत होत्या. साडीवर बूट घालणारी बाई आम्ही तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, 'किशोरवयीन मुलींमधील विनोदबुद्धी आणि भावनिक स्वास्थ्य'. त्यांनी फळ्यावर ते लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि सांगितलं, "जी मुलगी हसते, हसवते, ती मनानं निरोगी असते. हे मला सिद्ध करायचं आहे."

मग चाळीस विधानांचे छापील कागद वाटले. प्रत्येकापुढे 'नेहमी', 'बरेचदा', 'कधीकधी', 'कधीच नाही' असे चार चौकोन. मी स्वतःवर हसू शकते – नेहमी. अडचणीच्या वेळी मला विनोद सुचतो – नेहमी. माझ्या बोलण्यानं इतरांना आनंद होतो – नेहमी. कागदावरचे प्रश्न मला फार आवडायचे. ते निमूटपणे समोर असतात आणि आपल्याला हवा तेवढा वेळ थांबतात. मी पहिली उठून कागद दिला.

आठवड्यानं मॅडमनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. समोरासमोर स्टुलांवर बसवलं. टेबलावर माझा कागद होता आणि वर लाल शाईत 'नमुना क्र. १७'.

"एकशे साठपैकी एकशे बावन्न," त्या म्हणाल्या. त्यांचं बोलणं स्वच्छ आणि सावकाश होतं, ओठ छान उघडायच्या. "ललिता, मी सहा शाळा केल्या. इतके गुण कुणालाच मिळाले नाहीत. पाठक बाईंनी मला तुझे किस्से सांगितले. हे सुचतं कसं गं तुला?"

"सुचत नाही मॅडम, आपोआप होतं," मी म्हणाले.

तेवढं मात्र अगदी खरं होतं. मॅडमनी ते लगेच वहीत उतरवून घेतलं.

सगळ्यात कमी गुण होते नमुना क्रमांक एकतीसला. एक्केचाळीस. ही विमल महाले. पंधरा किलोमीटरवरच्या खेड्यातून बसनं यायची, खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर एकटी बसायची आणि सगळा वर्ग हसत असताना वहीत तारीख लिहायची. मॅडमनी तिला विचारलं होतं, "तू शेवटची कधी हसलीस?" तर म्हणाली, "आठवत नाही. लिहून नाही ठेवलं." मॅडम हे सांगताना काळजीत पडल्या होत्या.

"मी एक योजना केलीय," त्या मला म्हणाल्या. "हास्यसखी. तू तिच्या बाकावर बसायचं. रोज तिला हसवायचा प्रयत्न करायचा आणि ती किती वेळा हसली ते या वहीत लिहायचं. जानेवारीत स्नेहसंमेलन आहे ना, तेव्हा पालकांसमोर मी हे मांडणार आहे. करशील?"

मी लगेच हो म्हटलं. अठ्ठेचाळीस मुलींना हसवणारीला एकीचं काय अवघड, असं मला वाटलं.

पहिल्या दिवशी दप्तर घेऊन विमलच्या बाकावर गेले. बसण्याआधी म्हणाले, "तू इकडे सरक, मी तिकडे बसते." मला कुणाच्याही डाव्या हाताला बसायची सवय होती. ती काही न बोलता सरकली. पाच मिनिटांनी वहीतून डोकं वर न काढता तिनं काहीतरी विचारलं. तिचा आवाज बारीक होता.

"बशा?" मी म्हणाले. "घरी सहा आहेत. एकीचा कान तुटलाय."

पुढच्या बाकावरच्या दोघी फिस्सकन हसल्या. विमलनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही, नीट निरखून पाहिलं. "बशीला कान नसतो. आणि मी विचारलं, शेवटची बस सुटते किती वाजता, माहीत आहे का."

वहीत मी शून्य लिहिलं.

दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी मी माझ्या नाकावर बोलले, चौथ्या दिवशी माझ्या गणितावर, पाचव्या दिवशी अण्णांच्या भुवयांवरच्या पिठावर. सगळा वर्ग लोळत होता. विमल भाकरी मोडून शेंगदाण्याच्या चटणीला लावत होती. आठव्या दिवशी मी मुद्दाम बाकावरून पडले. तिनं हात देऊन उठवलं आणि "लागलं का?" एवढंच विचारलं. मॅडम वही पाहायच्या आणि म्हणायच्या, "किती खोल दुखणं असेल गं त्या मुलीचं!"

बाराव्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. विमलनं डबा झाकला, हात पुसले आणि इतिहासाची वही उचलून उगाचच नाकासमोर धरली. वहीमागून ती काहीतरी बोलली. आज पहिल्यांदा ती आपण होऊन माझ्याशी बोलत होती, म्हणजे नक्की काहीतरी गमतीचं असणार. मी जोरात हसले. टाळीसाठी हातसुद्धा पुढे केला.

तिनं वही खाली घेतली.

"मी विचारलं," ती म्हणाली, "तुझ्या कानाला काय झालंय?"

माझा हात तसाच राहिला.

काय झालं होतं ते मला तरी कुठे धड माहीत होतं! लहानपणापासून कान वाहायचे. आई लसूण घालून कढवलेलं तेल सोडायची, कापसाचा बोळा लावायची. आठवीत असताना आवाज हळूहळू लांब जायला लागले. डाव्या बाजूचे आधी, मग उजव्या बाजूचेही. सुरुवातीला मी "काय बाई?" असं विचारायचे. एकदा विचारलं की बाई पुन्हा सांगायच्या. दुसऱ्यांदा विचारलं की आवाज चढवायच्या. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायच्या, "मठ्ठ आहेस का?" आणि मग मुली हसायच्या. आमच्या वर्गात शोभना नावाची एक मुलगी होती. तिला सगळे मठ्ठच म्हणायचे, तिच्याजवळ कुणी डबा खायचं नाही.

एके दिवशी मी विचारायचं सोडलं. जे ऐकू आलं त्याला उत्तर देऊन टाकलं. मुली तेव्हाही हसल्या, पण ते हसणं निराळं होतं. तास संपल्यावर तिघींनी मला डब्याला बोलावलं. त्या दिवसापासून मी जे ऐकू येईल ते बेधडक बोलत गेले, चेहरा तेवढा सरळ ठेवला. कधी बरोबर ऐकू आलं तर उत्तरही बरोबर यायचं आणि मुली हिरमुसायच्या.

"माझ्या कानाला काही झालेलं नाही," मी विमलला म्हणाले.

"तू बाईंचं तोंड दिसतं तेव्हा नीट बोलतेस. त्या फळ्याकडे वळल्या की गंमत करतेस."

"तू जळतेस माझ्यावर."

"माझे आजोबा असंच करायचे," ती म्हणाली. "विचारलं एक की सांगायचे दुसरंच. अख्खं गाव म्हणायचं, म्हातारा फार मिश्कील. पारावर लोक मुद्दाम प्रश्न विचारायला यायचे. आम्ही पण हसायचो. मी तर सगळ्यात जास्त." तिनं डब्याची कडी लावली. "मग एका सकाळी मागून ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर सांगत होता, दहा वेळा हॉर्न वाजवला."

मला गंमत सुचली नाही, कारण या वेळी मला सगळं नीट ऐकू आलं होतं.

"कुणाला सांगू नकोस," मी शेवटी म्हणाले. "शपथ घे."

"कुणाला सांगत नाही. पण हसणार पण नाही."

वहीत त्या दिवशीही शून्यच पडलं.

संमेलन जानेवारीच्या शेवटी होतं. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, दोन्ही बाजूंना हे एवढाले भोंगे. पाचशे माणसं असतील. अण्णा गिरणी गड्यावर सोपवून येणार होते. आई मैत्रिणींबरोबर चौथ्या ओळीत बसली होती. अध्यक्ष म्हणून आले होते अप्पासाहेब देवरे, शाळेच्या समितीचे जुने सभासद. पांढरं धोतर, काळा कोट, सत्तरीच्या पुढचे.

बापट मॅडमनी मोठ्या कागदावर आलेख काढून आणला होता. डावीकडून उजवीकडे चढत जाणारी रेघ, तिच्या टोकाला एक ठिपका. "हा ठिपका म्हणजे तुमची ललिता," त्या म्हणाल्या असाव्यात, कारण सगळ्यांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. भोंग्यांतून येणारं मला काहीच कळत नव्हतं. नुसता गुरगुराट होता, आमच्या गिरणीसारखा. मी सगळ्यांचे चेहरे पाहून हसत होते.

नाव पुकारलं असावं. मॅडमनी खूण केली, मी स्टेजवर गेले. अप्पासाहेबांनी प्रमाणपत्र दिलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ते माईककडे वळले. तोंड माईकमागे गेलं. थोडं बोलल्यावर त्यांनी मान मांडवाकडे फिरवली, चष्मा वर केला. मला फक्त तुकडे मिळाले: "माझी नात… तुझ्याच इयत्तेत… मागच्या…"

मग ते थांबले. मांडवात सगळे गप्प झाले. ही शांतता मला चांगली ओळखीची होती, वर्गात बाई प्रश्न विचारून थांबतात तशी. पाचशे माणसं माझी वाट पाहत होती. मी माईकपाशी सरकले.

"काळजी करू नका, अप्पा," मी म्हणाले. "मागच्या वर्गात बघा, सापडेल. गणित असंच मागे ओढतं. मीही निघालेच आहे तिकडे."

कुणी हसलं नाही.

मोठ्या जमावात हशा पोचायला वेळ लागतो, हे मला एव्हाना अनुभवानं माहीत होतं. शिवाय मी माईकपासून जरा लांबच उभी होते. म्हणून मी माईक जवळ ओढला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश, नीट टप्पे घेऊन म्हटलं.

आधी मला पाठक बाई दिसल्या. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. बापट मॅडमचा हात तोंडावर गेला होता. पुढच्या ओळीतल्या एका बाईनं शेजारणीचा दंड घट्ट धरला होता. आईनं मान खाली घातली होती. काय चुकलं होतं ते मला कळत नव्हतं, पण चुकलं होतं एवढं पाचशे चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं.

अप्पासाहेबांनी म्हटलेलं वाक्य मला नंतर कळलं: "माझी नात मोहिनी धुळ्याला होती. आज तुझ्याच इयत्तेत असती, पोरी. मागच्या वर्षी कावीळ झाली आणि गेली."

पाचव्या ओळीत कुणीतरी उभं राहिलं. विमल होती. एवढ्या लांबूनही तिचे ओठ मला स्पष्ट वाचता आले.

"तिला ऐकू येत नाही!"

आणि यावर लोक हसले. खरंच हसले. विमलच्या आसपासच्या मुलींचे खांदे हलताना मला दिसले. त्यांना वाटलं, हास्यसखी योजनेला फळ आलं, विमल महालेनं आयुष्यातला पहिला विनोद केला. काही पालकांनीही सुटकेचा निःश्वास टाकून हसून घेतलं. विमलचा चेहरा लाल झाला. तिनं मूठ आवळून पुढच्या खुर्चीच्या पाठीवर मारली. "हसू नका! खरंच नाही ऐकू येत तिला!"

तेव्हा कुठे मांडव गप्प झाला.

अप्पासाहेब माझ्याकडे पूर्ण वळले. थोडे वाकले. त्यांचं तोंड आता माझ्या समोर होतं, पांढऱ्या मिशा, खाली दोनच दात.

"ऐकू येत नाही का, बाळ?"

मी आईकडे पाहिलं, विमलकडे पाहिलं. दुसरं काही सुचेना म्हणून खरं ते सांगितलं. "डाव्यानं नाही. उजव्यानं थोडं येतं, जवळून."

माईक चालूच होता. पाचशे माणसांना ते नीट ऐकू गेलं. मागे मांडवाच्या दाराशी अण्णा नुकतेच येऊन उभे होते, भुवया पिठानं पांढऱ्या झालेल्या.

घरी परतताना कुणी बोललं नाही. निदान मला तरी तसं वाटलं. आल्या आल्या अण्णा गिरणीत गेले आणि त्यांनी पट्टा थांबवला. दुपारी दोन वाजता, ओट्यावर दळणाच्या डब्यांची रांग असताना. मी स्वयंपाकघरात आईसमोर पाटावर बसले होते. आई माझ्या मागे कुठेतरी पाहत होती. पाहता पाहता तिचा चेहरा बदलायला लागला. आधी वाट पाहणारा, मग घाबरलेला, मग ती रडायलाच लागली. मी मागे वळून पाहिलं.

अण्णा माझ्या पाठीमागे चार हात अंतरावर उभे होते. तोंड अजून अर्धवट उघडं होतं. किती वेळा हाक मारली होती कुणास ठाऊक.

"आम्ही ओरडून बोलायचो ना," ते म्हणाले. आता मी त्यांच्या ओठांकडे पाहत होते. "म्हणून तुझं भागायचं."

पुढच्या सोमवारी नाशिक. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी नळीतून दोन्ही कान पाहिले आणि आधी आईला विचारलं, "तेल कोण घालत होतं?" आईनं स्वतःकडे बोट दाखवलं. डाव्या कानातलं हाड कुजत मेंदूच्या दिशेनं चाललं होतं. आणखी वर्षभर थांबलो असतो तर तोंड वाकडं झालं असतं, किंवा त्याहून वाईट काही. "चक्कर यायची का गं?" डॉक्टरांनी विचारलं. यायची. ती लपवायला मी वर्गात उड्या मारून दाखवायचे.

फेब्रुवारीत डाव्या कानाचं ऑपरेशन झालं, मेमध्ये उजव्याचं. डाव्याचं ऐकणं गेलं ते गेलंच. उजव्याला बसवलेला पडदा मात्र टिकला. पट्टी काढली त्या दिवशी दवाखान्यात कुणीतरी चमच्यानं चहा ढवळत होतं. मी आईला विचारलं, "हा कसला आवाज?" तिला सांगावं लागलं.

दहावीत मला पहिल्या बाकावर बसवलं. प्रश्न ऐकू यायला लागले आणि मी बरोबर उत्तरं द्यायला लागले. वनस्पती अन्न कसं तयार करतात, कर्कवृत्त कुठून जातं, सगळं. पहिले काही दिवस मुली आशेनं माझ्याकडे पाहायच्या. मग कंटाळल्या. 'अ' तुकडीच्या मुली येईनाशा झाल्या. पाठक बाई एकदा म्हणाल्या, "ललिता, आधी तू किती छान होतीस," आणि लगेच जीभ चावली.

जुलैत बापट मॅडम प्रश्नावलीची दुसरी फेरी घ्यायला आल्या. तीच चाळीस विधानं, तेच चौकोन. मी या वेळी खरं लिहिलं. मला रात्री झोप लागत नाही – कधीकधी. मला गोष्टींची भीती वाटते – बरेचदा. एकशे बावन्नचे अठ्ठ्याऐंशी झाले. विमलचा एक गुण कमी झाला होता. तिच्या म्हणण्यानुसार, मागच्या वेळी एका विधानापुढची खूण चुकून शेजारच्या चौकोनात पडली होती.

मॅडमनी मला प्रयोगशाळेत बसवलं. "काही ताण आहे का गं घरी? हे आकडे पाहून मला झोप नाही लागली."

"मॅडम, मला बरं वाटतंय," मी म्हणाले. "तेव्हा नव्हतं वाटत."

"पण तेव्हा तर तू..." त्यांनी वही उघडली, मिटली. चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाई प्रामाणिक होत्या, अजूनही मला त्यांच्याबद्दल तसंच वाटतं. महिन्याभरानं त्यांचं पत्र आलं. मार्गदर्शकांच्या सल्ल्यावरून नमुना क्रमांक सतरा आणि एकतीस अपवादात्मक म्हणून अभ्यासातून वगळले होते. 'तुम्हा दोघींना वगळल्यानंतर निष्कर्ष अगदी स्पष्ट आला आहे,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'विनोदबुद्धी आणि भावनिक स्वास्थ्य यांचा थेट संबंध आहे.' शेवटी दोघींना आशीर्वाद.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. अप्पासाहेबांकडे जायचं राहिलं होतं. आई म्हणायची, अण्णा म्हणायचे, मी टाळत होते. स्टेशनरोडवरचं त्यांचं घर लागलं की पलीकडच्या बाजूनं जायचे. दिवाळीच्या सुट्टीत विमल एसटीनं आली आणि म्हणाली, "चल."

"आज नको."

"मग मी जाते आणि सांगते की ललिता घाबरते."

ती जाईल आणि अगदी तसंच सांगेल, याची मला खात्री होती. मी गेले. फाटकाशी आल्यावर मात्र विमल म्हणाली, "मी इथेच थांबते. तुझं काम आहे."

दार काकूंनी उघडलं. अप्पासाहेबांच्या पत्नी, ठेंगण्या, सुती पातळ नेसलेल्या. मी कोण ते सांगितलं. मग पाठ करून आणलेलं वाक्य सुरू केलं, "त्या दिवशी माझ्या हातून जी चूक…"

"आत ये आधी," काकू म्हणाल्या. "कुठल्या कानानं येतं तुला ऐकू? उजव्या? मग इथे बस, माझ्या या बाजूला."

अप्पासाहेब आतून आले. मी पुन्हा वाक्य सुरू करायला गेले, तर त्यांनी हातानं थांबवलं.

"त्या दिवशी घरी आलो," ते म्हणाले, "आणि हिला सांगितलं. म्हटलं, एक पोरगी माईकवरून म्हणाली, मागच्या वर्गात बघा, सापडेल. मला वाटलं, ही रडेल. मोहिनी गेल्यापासून आम्ही घरात तिचं नाव घेत नव्हतो. मुलगा आला की तिचा फोटो कपाटात ठेवायचा, गेला की काढायचा. नाव घेतलं की कुणी ना कुणी उठून जायचं. वर्ष झालं होतं."

"आणि?" मी विचारलं.

अप्पासाहेबांनी काकूंकडे पाहिलं. काकू पदराशी चाळा करत होत्या.

"मी हसले गं," त्या म्हणाल्या. "काय करू? ती असती तर खरंच मागच्याच वर्गात असती. गणितात कुठली पास होतेय! सहामाहीला अकरा मार्क होते."

"बारा," अप्पासाहेब म्हणाले.

"अकरा. मी स्वतः प्रगतिपुस्तक पाहिलंय. दिवाळीला आली तेव्हा सही करायला तुमच्याकडेच आणलं होतं तिनं, आईबापाला न दाखवता."

"सही मी केली, म्हणजे आकडा मला माहीत असणार. बारा होते. पोर रडत होती, म्हणून मीच म्हटलं, बारा म्हणजे डझन झाले, वाईट नाही."

"डझन तुम्ही म्हणालात ते आंब्यांबद्दल!"

काकूंनी दिलेला चहा मी संपवला, नमस्कार केला. दोघांनी डोक्यावर हात ठेवला, पण लक्ष माझ्याकडे नव्हतं. काकू प्रगतिपुस्तक शोधायला कपाट उघडत होत्या आणि अप्पासाहेब त्यांना ते कुठल्या खणात नाही ते सांगत होते.

विमल फाटकाला टेकून उभी होती.

"आत भांडण चाललंय?" तिनं विचारलं.

"हो. मोहिनीच्या मार्कांवरून."

आम्ही लगेच निघालो नाही. काकूंचा आवाज चढला होता, अप्पांचाही. मला दोन्ही ऐकू येत होते.